या चुका टाळा: सुरक्षेचे शब्द पाठ, अर्थ मात्र भलताच

हॅझर्ड, रिस्क, परमिट, नियर मिस हे शब्द कारखान्यात सगळ्यांच्या तोंडी असतात. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथही खणखणीत आवाजात होते. घोळ होतो तो अर्थाचा. अर्थ चुकला की उपाय नको तिथे केला जातो.

पहिली गल्लत हॅझर्ड आणि रिस्कची. मराठीत दोन्हींना ‘धोका’ म्हणून आपण मोकळे होतो. अ‍ॅसिडचा ड्रम हा धोका (हॅझर्ड). तो कुणाच्या अंगावर सांडण्याची शक्यता किती आणि सांडलाच तर इजा किती, ही जोखीम (रिस्क). ड्रम कुलूपबंद गोदामात असला तर जोखीम कमी, कँटीनच्या वाटेवर ठेवला तर जास्त. धोका मात्र तेवढाच. तपासणीच्या तक्त्यात ‘अ‍ॅसिड – धोकादायक’ एवढंच लिहिलेलं दिसलं की समजावं, तक्ता केबिनमध्ये बसून भरलाय.

दुसरी चूक पीपीईची, म्हणजे अंगावर घालायच्या संरक्षक साधनांची. हेल्मेट, गॉगल, बूट वाटले की सुरक्षा झाली, असा समज असतो. खरं तर पीपीई हा उपायांच्या उतरंडीतला शेवटचा. आधी धोकाच काढून टाकता येतो का ते बघायचं, नाही तर कमी घातक पर्याय, मग गार्डसारखी यांत्रिक सोय, मग कामाची पद्धत, आणि एवढं करून जे उरेल त्यासाठी पीपीई. आणि पीपीई चुकीच्या जागी उलटही पडतं. ड्रिल मशीनवर हातमोजे घालू नयेत. फिरत्या ड्रिलमध्ये मोजा गुंडाळला की हातही ओढला जातो. हे माहीत नसलेले सुपरवायझर ‘मोजे कुठायत?’ म्हणून ओरडताना आढळतात!

‘मशीन बंद आहे’ या वाक्यावर तर अजिबात विसंबू नका. बटण दाबून थांबवलेलं मशीन म्हणजे लॉकआउट नव्हे. प्रेसचं फ्लायव्हील (जड चाक) थोडा वेळ फिरतच असतं, हवेच्या लाइनमध्ये दाब उरतो, वर उचललेली रॅम (दाब देणारा जड भाग) वजनाने खाली येऊ शकते. लॉकआउट म्हणजे मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचं, टॅगवर नाव लिहायचं, साठलेली ऊर्जा सोडायची, आणि मग स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय का ते पाहायचं. ही शेवटची पायरीच सर्रास गाळली जाते. आत हात घालणारे तीन जण असतील तर कुलपंही तीन, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात. नुसती ‘चालू करू नये’ पाटी टांगली तर दुसऱ्या शिफ्टचा माणूस ती बाजूला सारतो.

टाकीत उतरताना होणारी चूक सगळ्यांत महाग पडते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३६ खास यासाठीच होतं. हवेत साधारण २०.९ टक्के ऑक्सिजन असतो, १९.५ च्या खाली गेला तर आत जायचं नाही. धुळीचा मास्क ऑक्सिजन पुरवत नाही. वेल्डिंगच्या सिलिंडरमधून आत ऑक्सिजन सोडणं तर त्याहून वाईट, कारण मग ठिणगीलाही आग भडकते. वास येत नाही म्हणजे हवा चांगली, हाही भ्रम. टाकीत ऑक्सिजनची जागा घेणाऱ्या नायट्रोजनला वास नसतो. आणि आतला माणूस कोसळला की वरचा मदतीला उडी मारतो, मग त्याच्यामागून तिसरा. बाहेर थांबणाऱ्याचं काम दोर आणि हाक. आत उतरायचं नाही, हे परमिटवर सही करतानाच ठरवा. परमिट म्हणजे हवा मोजून दिलेली आणि वेळ ठरलेली परवानगी. सकाळचं परमिट जेवणानंतर चालत नाही, हवा पुन्हा मोजा.

राहिली नियर मिसची, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताची. वरून पाना पडला, कुणाला लागला नाही, ‘थोडक्यात वाचला’ म्हणून सगळे हसले आणि कामाला लागले. अमेरिकेतल्या विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिखने १९३१ मध्ये मांडलेलं १, २९, ३०० हे प्रमाण (एक गंभीर इजा, २९ किरकोळ, ३०० बिनइजेच्या घटना) पुढे बरंच वादात सापडलं. पण न लागलेला पाना फुकटात इशारा देतो, हे त्या वादाने बदलत नाही. माझ्या मते गेटवरचा ‘अपघातमुक्त दिवस’चा फलकच अर्धा घात करतो: आकडा शून्यावर येऊ नये म्हणून पोरं बोटाला पट्टी बांधून गप्प बसतात. नियर मिसच्या फॉर्मवरचा ‘कोणाची चूक’ हा रकाना खोडा. त्याऐवजी काय पडलं, किती उंचीवरून, पान्याला दोरी का नव्हती, एवढं विचारा. आणि फॉर्म मराठीबरोबर हिंदीतही छापा, कंत्राटी कामगारांपैकी कितीतरी जण मराठी वाचत नाहीत.