परदेशप्रवासाची तयारी: विमानात बसण्याआधीच अडकवणाऱ्या या चुका टाळा

आरटीपीसीआरचा रिपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र, विलगीकरणाचं हॉटेल हे सगळं मागे पडलं. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या आठवडाभर आधी, २९ एप्रिलला, जपानने सीमेवरचे कोविड-नियम उठवले होते. १२ मेपासून अमेरिकेने परदेशी विमानप्रवाशांवरची लसीची अट काढली. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की सगळा कारभार पुन्हा २०१९ सारखा झाला.

तसा तो झालेला नाही. प्रवासी घरातून निघण्याआधीच त्याची माहिती मागवायची, ही सवय बऱ्याच देशांनी महामारीनंतरही सोडली नाही. कागदी आगमनपत्रिकेच्या जागी मोबाइलवरचा फॉर्म आला. व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशांनाही कित्येक ठिकाणी ऑनलाइन पूर्वपरवानगी घ्यावी लागते. आणि हे सगळं आधी तपासलं जातं ते चेक-इन काउंटरवर. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड बसतो, शिवाय त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. काउंटरवरचा कर्मचारी सहसा आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) टायमॅटिक या प्रणालीत तुमचं नागरिकत्व, वाटेतले थांबे आणि मुक्काम टाकून बघतो. तिथे नकार आला की विनवण्यांचा उपयोग होत नाही.

तारखा पुढून मागे न मोजणं

तिकीट काढलं, मग सुट्टी टाकली, मग कागदपत्रं बघू, असा क्रम लावला की गोंधळ ठरलेलाच. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम आधी हातात घ्यायचं, आणि ते बहुधा पासपोर्टचं किंवा लसीचं निघतं. महामारीत तुंबलेले अर्ज पुढे बराच काळ निस्तरावे लागले. मार्च २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत साध्या नूतनीकरणाला १० ते १३ आठवडे सांगितले जात होते. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. पण या १५ दिवसांच्या भरवशावर राहणाऱ्याला मोसमात अपॉइंटमेंटच मिळत नाही.

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपर्यंत आहे म्हणजे झालं, हा दुसरा गैरसमज. अनेक देश सहा महिने शिल्लक मागतात. काही ते पोहोचण्याच्या दिवसापासून मोजतात, काही परतीच्या. शेंगेन क्षेत्रात दोन अटी एकदम लागतात: बाहेर पडण्याच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. दुसऱ्या अटीत जुने ब्रिटिश पासपोर्ट अडकतात, कारण सप्टेंबर २०१८ पर्यंत तिथे जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवले जायचे. मुदत दिसायला भरपूर, पण दिल्याची तारीख दहा वर्षांपलीकडची!

कोरी पानंही मोजून घ्या. शेंगेन व्हिसासाठी दोन लागतात. पाण्याने फुगलेला, शिवण सुटलेला किंवा फोटोच्या पानाचं लॅमिनेशन उचललेला पासपोर्ट 'चालून जाईल' म्हणून नेऊ नका. तो चालवून घ्यायचा की नाही हे ठरवणारा माणूस तुमच्या ओळखीचा नसतो.

पासपोर्ट क्रमांकातलं शून्य आणि ओ

अमेरिकेचं एस्टा, कॅनडाचं ईटीए, ब्रिटनचं ईटीए या व्हिसा न लागणाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन परवानग्या पासपोर्टवर चिकटवल्या जात नाहीत. त्या पासपोर्ट क्रमांकाला जोडलेल्या असतात. क्रमांकात एक अक्षर चुकलं की परवानगी मंजूर होऊनही ती तुमची नसते. अर्ज मंजूर झाल्याचा ईमेल हातात आणि काउंटरवर 'रेकॉर्ड नाही', हा प्रकार बहुतेक वेळा इथूनच येतो.

फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ जागांच्या दोन ओळी असतात. मधल्या रिकाम्या जागा बाणाच्या टोकासारख्या खुणांनी भरलेल्या असतात. यंत्र याच ओळी वाचतं. खालच्या ओळीतली पहिली नऊ स्थानं पासपोर्ट क्रमांकाची. दहावा आकडा पडताळणीचा असतो, तो क्रमांकाचा भाग नाही. तो चुकून सोबत उतरवणारे पुष्कळ. शून्य आणि ओ, एक आणि आय यांत शंका वाटली तर आपल्या देशाच्या पासपोर्टची रचना आठवा: अक्षर कुठे येतं आणि आकडे कुठून सुरू होतात ते ठरलेलं असतं. नाव भरताना वरच्या ओळीकडे बघा. तिथे आडनाव आधी येतं, मग दोन खुणा, मग उरलेलं नाव. तिकीट, व्हिसा आणि परवानगी या तिन्हींवर हीच विभागणी ठेवा. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांनी त्या त्या फॉर्मची सूचना वाचूनच भरावं, कारण प्रत्येक देशाची पद्धत वेगळी आहे.

नवा पासपोर्ट मिळाला की जुनी एस्टा किंवा ईटीए संपली, आतली मुदत कितीही शिल्लक असो. एस्टासाठी प्रवासाच्या किमान ७२ तास आधी अर्ज करायला सांगतात. ब्रिटनच्या ईटीएचा निर्णय सहसा तीन कामकाजी दिवसांत येतो. काही मिनिटांत मंजुरी येते हे खरं असलं तरी ती विमानतळावरच्या रांगेत उभं राहून मागण्याची गोष्ट नाही.

फुकटच्या फॉर्मला पैसे मोजणं

सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, थायलंडचं टीडीएसी (१ मे २०२५ पासून), मलेशियाचं एमडीएसी, फिलिपिन्सचं ईट्रॅव्हल हे सगळे आगमनाचे ऑनलाइन फॉर्म मोफत आहेत आणि पोहोचण्याच्या साधारण तीन दिवस आधीपासूनच भरता येतात. सर्च केल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतली संकेतस्थळं सरकारी वाटतात, 'प्रक्रिया शुल्क' घेतात आणि पासपोर्टची सगळी माहितीही घेतात. पत्ता नीट वाचा. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात सहसा सरकारी शेपूट (.gov किंवा .go सारखं) असतं. एखादं संकेतस्थळ महिनाभर आधीच असा फॉर्म भरून द्यायला तयार असेल तर तिथेच थांबा.

हे तीन दिवस मुक्कामाच्या देशाच्या तारखेप्रमाणे धरायचे असतात. रात्रीचं विमान असेल तर निघण्याची आणि पोहोचण्याची तारीख वेगळी पडते, आणि फॉर्ममध्ये पोहोचण्याची तारीख लागते. भरून झाल्यावर येणारा क्यूआर कोड स्क्रीनशॉट काढून ठेवा. उतरल्यावर नेट मिळेलच असं नाही.

ट्रान्झिट म्हणजे फक्त थांबा, असं समजणं

अमेरिकेत विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशन ओलांडावं लागतं, म्हणजे एस्टा किंवा व्हिसा हवाच. इतर ठिकाणी एकाच तिकिटावर, सामान थेट पुढे जात असेल तर बहुधा विमानतळाच्या आतूनच जाता येतं. पण स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली की हिशोब बदलतो: सामान घ्यायला बाहेर यावं लागतं, बाहेर यायला त्या देशाचा प्रवेश लागतो, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी नसते. वाचलेले पैसे इथे एका झटक्यात जातात.

थांबा किती तासांचा आहे हेही बघा. पीतज्वराचा (यलो फीव्हरचा) धोका असलेल्या देशातल्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात, तर पुढचे कित्येक देश पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतात.

लसीकडे शेवटच्या आठवड्यात वळणं

कोविडची लस आता क्वचितच कुणी विचारतं. पीतज्वराची मात्र विचारतात, आणि तिथे दिवसांचा हिशोब कडक आहे. पहिल्यांदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. म्हणजे लस १ तारखेला घेतली तर प्रमाणपत्र ११ तारखेपासून चालतं. २० तारखेला उतरायचं असेल तर १० तारीख ही शेवटची. ११ ला घेतली तर एका दिवसासाठी अडकाल. एकदा लागू झालं की ते आयुष्यभर चालतं. ११ जुलै २०१६ पासून हा नियम आहे आणि जुन्या कार्डांनाही तो लागू होतो. कार्डावर 'दहा वर्षं' छापलेलं असलं म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका.

पिवळं कार्ड, म्हणजे हेच लसीचं प्रमाणपत्र, हातात पडल्यावर केंद्रातून निघण्याआधी तिथेच तपासा: नाव पासपोर्टप्रमाणे, लस देणाऱ्याची सही, केंद्राचा अधिकृत शिक्का, लसीचा बॅच क्रमांक. तारखेत महिना अक्षरांत लिहिलेला हवा, कारण ०४/०५ हा एका देशात एप्रिल असतो आणि दुसऱ्यात मे. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लागतो. लहान मुलाचं कार्ड वेगळं असतं, आईच्या कार्डावर नोंद चालत नाही. ही लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते, आणि सगळी केंद्रं रोज ती देत नाहीत.

पीतज्वराची लस जिवंत विषाणूची आहे. गोवर-गालगुंड-रुबेलाचीही तशीच. दोन्ही घ्यायच्या असतील तर एकाच दिवशी, नाहीतर चार आठवड्यांच्या अंतराने. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठी ओलांडून पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. लस देता येत नसेल तर तसं सही-शिक्क्याचं वैद्यकीय पत्र मिळतं, मात्र ते मान्य करायचं की नाही हे समोरच्या देशाच्या हातात असतं. म्हणून आधी त्यांच्या दूतावासाला विचारा.

बाकीच्यांपैकी हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकात सहा महिने घेतात. हज किंवा उमराहसाठी मेनिंजायटिसची चार प्रकारांवरची लस पोहोचण्याच्या किमान दहा दिवस आधी लागते. पोलिओचा प्रसार असलेल्या देशात चार आठवड्यांहून जास्त राहिलेल्यांना तिथून बाहेर पडताना पोलिओ डोसचा पुरावा मागितला जाऊ शकतो; तो डोस निघण्याच्या चार आठवडे ते बारा महिने आधीचा हवा. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावर लगेच बंद करणं ही तर अगदी नेहमीची चूक. डॉक्सिसायक्लिन परतल्यानंतर चार आठवडे चालू ठेवावी लागते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस.

घरची औषधं डब्यात भरून नेणं

आठवड्याच्या खणांच्या डब्यात काढलेल्या गोळ्या कस्टम्सला ओळखू येत नाहीत. मूळ पाकीट, डॉक्टरांचं पत्र आणि त्यात औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा आणि कशासाठी घेता हे इंग्रजीत हवं. ब्रँडचं नाव सीमा ओलांडली की निरुपयोगी ठरतं.

तुमच्याकडे सहज मिळणारं औषध तिकडे गुन्हा ठरू शकतं. जपानमध्ये ॲम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर तीही नाही. चिठ्ठीवरची साधी औषधं तिथे एक महिन्यापुरती चालतात. जास्त न्यायची तर आधी परवाना घ्यावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन आणि ट्रामाडॉल नियंत्रित यादीत आहेत. म्हणून खोकल्याचं औषध बॅगेत टाकण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा.

इन्सुलिन कधीही चेक-इन बॅगेत नको. बॅग हरवण्याचा धोका आहेच, शिवाय सामानकक्षात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी भरवशाचं राहत नाही. नेहमीच्या औषधांचा साठा मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्त ठेवा. आणखी एक: पॅरासिटामॉल काही देशांत ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. तापात दोन्ही घेतली तर एकाच औषधाचा दुप्पट डोस पोटात जातो.

विमा फक्त व्हिसासाठी काढणं

शेंगेनसाठी ३०,००० युरोचं किमान संरक्षण लागतं म्हणून तेवढंच आणि तितक्याच दिवसांचं घेतलं जातं. पॉलिसीत तीन जागा वाचा. पहिली, साथरोगाचा अपवाद: उपचारांचा खर्च मिळतो, पण विलगीकरणातलं हॉटेल आणि चुकलेलं विमान वगळलेलं असू शकतं. दुसरी, आधीपासूनचे आजार: रक्तदाब लपवला तर हृदयविकाराचा दावा अडतो. तिसरी, माहीत असलेली घटना: साथ, संप किंवा वादळ जाहीर झाल्यानंतर काढलेली पॉलिसी त्याच कारणासाठी सहसा पैसे देत नाही. विमा तिकिटाच्या दिवशीच काढण्याचं कारण हेच. रुग्णालयात दाखल होण्याआधी, निदान लगेच नंतर, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवा. न कळवणं हे दावा नाकारण्याचं हमखास कारण ठरतं.

बॅगेतली दोन-तीन कामं

पॉवर बँक केबिन बॅगेतच. १०० वॅट-अवरपर्यंत विनापरवानगी, १०० ते १६० कंपनीच्या परवानगीने, त्यापुढे अजिबात नाही. हिशोब सोपा आहे: मिलिअँपिअर-अवरला हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. २०,००० चा ७४ येतो, ३०,००० चा १११. आकडे पुसले गेलेली पॉवर बँक सरळ काढून घेतली जाऊ शकते. सॅनिटायझर केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या बाटलीत. चेक-इन बॅगेत न्यायचा तर बाटली ५०० मिलिलिटरपर्यंत आणि सेंट-स्प्रे धरून एकूण २ लिटर.

बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर येतो. ते सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवाल तर परदेशात कार्ड असूनही ऑनलाइन व्यवहार होणार नाही.

तरीही काउंटरवर अडवलं तर

आवाज चढवू नका. नेमकं कोणतं कागदपत्र कमी आहे आणि कोणत्या देशाच्या नियमाखाली, ते विचारा आणि स्क्रीनवरचा मजकूर दाखवायला सांगा. नागरिकत्व किंवा व्हिसाचा प्रकार चुकीचा निवडल्याने नकार आला असेल तर तो तिथेच दुरुस्त होतो. सुपरवायझरला बोलावण्यात गैर काही नाही. आगमनाचा फॉर्म राहिला असेल तर रांगेतून बाजूला होऊन भरून टाका. व्हिसा किंवा लस नसेल तर मात्र वेळ घालवू नका. विमान सुटण्याआधीच तिकीट पुढे ढकलून घ्या. तुम्ही 'नो-शो', म्हणजे न कळवता गैरहजर, ठरलात की बहुतेक कंपन्या त्याच तिकिटावरचा पुढचा आणि परतीचा प्रवासही रद्द करतात.