बाळाला प्रोस्टाग्लँडिन सुरू असताना हाडांकडे लक्ष कसं ठेवावं

काही हृदयदोषांमध्ये बाळाचा जीव ‘डक्टस’ नावाच्या छोट्या रक्तवाहिनीवर अवलंबून असतो. एरवी जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. ती उघडी राहावी म्हणून प्रोस्टाग्लँडिन ई-१ शिरेतून अखंड दिलं जातं. शस्त्रक्रिया लांबली आणि औषध काही आठवडे चाललं, तर हाडांच्या आवरणाखाली नवं हाड साचून ती जाड होऊ शकतात.

१. औषध सुरू झाल्याची तारीख लिहून ठेवा, डोस बदलला तर तेही. कालावधी आणि एकूण डोस वाढतो तसा हा धोका वाढतो.

२. दुपटं बदलताना बाळाचे हातपाय न्याहाळा. दोन्ही बाजूंना सारखी सूज, हात लावताच कळवळून रडणं, पाय हलवायला टाळाटाळ, यातलं काही दिसलं तर सांगा. बरगड्या आणि गळ्याजवळची हाडंही यात येतात.

३. एकाच हाताला, सुई असलेल्या जागी सूज असेल तर थांबूच नका, लगेच नर्सला बोलवा. तिथे हाडाचा प्रश्न नसतो. औषध शिरेबाहेर झिरपत असू शकतं, म्हणजे बाळाला ते पोहोचतच नाही.

४. एक्स-रे काढणार का, विचारा. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (हाड तयार होताना वाढणारं एक विकर) वाढलेलं सापडू शकतं. हाडातला जंतुसंसर्ग असाच दिसतो, त्यामुळे त्याचीही तपासणी होते. त्यावरून घाबरू नका.

५. दुखतंय म्हणून स्वतःहून कोणतंही वेदनाशामक देऊ नका. आयबुप्रोफेन, इंडोमेथॅसिन, इतकंच काय पॅरासिटामॉलसुद्धा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये हीच वाहिनी बंद करायला वापरतात. इथे तर ती उघडी हवी आहे!

६. हाडांच्या भीतीने औषध बंद करा असा आग्रह धरू नका. वाहिनी मिटली तर बाळ काही तासांत अत्यवस्थ होऊ शकतं. हाडांची जाडी मात्र औषध थांबल्यावर बहुधा काही महिन्यांत आपोआप ओसरते.

फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) दीर्घकाळ चालू असेल तर गोष्ट वेगळी: त्याने लघवीतून कॅल्शियम जातं आणि हाडं उलट विरळ होऊ शकतात. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी बोला.

७. घरी जाताना डिस्चार्ज कार्डवर प्रोस्टाग्लँडिन किती दिवस दिलं आणि एक्स-रेत काय दिसलं, हे लिहून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, तर ही जाडी जुन्या फ्रॅक्चरची किंवा मारहाणीची खूण वाटू शकते.