सेनानींची युद्धकालीन छायाचित्रे भिंतीवर लावण्याआधीची तयारी

फ्रेमवाल्याकडे जाण्यापूर्वी छायाचित्राखाली येणारी ओळ कागदावर पुरी करून घ्यावी. निम्मी तयारी तिथेच होते. सेनानीचे नाव, छायाचित्र टिपले त्या दिवशीचा त्याचा हुद्दा, ठिकाण, तारीख आणि प्रत कोणत्या संग्रहातून मिळाली, एवढे त्या ओळीत असावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात असल्याने खानापूरपासून निपाणीपर्यंत माजी सैनिकांची घरे जागोजागी आहेत, आणि बैठकीत आलेला एखादा निवृत्त सुभेदार चहाचा कप खाली ठेवण्याआधी हुद्द्याची चूक दाखवून देतो.

१६ डिसेंबर १९७१ रोजीचे ढाक्यातील शरणागतीचे छायाचित्र आपल्याकडे हमखास मागितले जाते, म्हणून त्याचेच उदाहरण घेऊ. सही करत असलेले पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी, शेजारी बसलेले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा, आणि मागे उभे असलेल्यांत व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन, एअर मार्शल दिवाण, लेफ्टनंट जनरल सगतसिंग व मेजर जनरल जेकब, अशी ती मंडळी आहेत. तेव्हाचे लष्करप्रमुख माणेकशा त्यात नाहीत, तरी त्यांचे नाव बिनदिक्कत घातले जाते. त्यांचे त्या वर्षीचे स्वतंत्र छायाचित्र लावायचे असल्यास ‘जनरल’ असेच लिहावे, कारण फील्ड मार्शल हा हुद्दा त्यांना जानेवारी १९७३ मध्ये मिळाला.

छायाचित्र अस्सल आहे का, हेही याच वेळी पाहावे. अमेरिकेच्या यादवी युद्धातील सेनापती ग्रँट सिटी पॉइंटच्या छावणीत घोड्यावर बसले आहेत असे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. त्यातले डोके ग्रँट यांच्या १८६४ च्या छायाचित्रातले, धड व घोडा जनरल मॅककुक यांचे आणि मागची माणसे युद्धकैदी, असे तीन वेगवेगळ्या काचेच्या निगेटिव्हवरचे तुकडे जोडून ते नंतर बनवण्यात आले. हे काम मोबाइलवर चुटकीसरशी होत असताना व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत थेट छापायला देणे धाडसाचे आहे. रंग भरलेली प्रतही मी तरी घेणार नाही. पदक फितीच्या रंगांवरून ओळखले जाते, आणि रंग भरणारे यंत्र नेमके तेच अंदाजाने ठरवते.

कोणाची निवड करावी याबद्दल सीमाभागासाठी माझी एक आवड सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील वडगावचे शंकरराव थोरात आणि कोडगूचे थिमय्या हे दोघे जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत एकाच ५१ व्या ब्रिगेडमध्ये आपापल्या पलटणीचे नेतृत्व करत होते, आणि १९५३-५४ मध्ये कोरियातही पुन्हा एकत्र आले. ज्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषांतले पाहुणे येतात, तिथे ही जोडी शेजारी शेजारी शोभते. ओळही दोन्ही भाषांत लिहून घ्यावी. मात्र कांगॉच्या काळातले छायाचित्र असेल तर दोघांनाही लेफ्टनंट कर्नलच म्हणावे लागेल.

हक्कांचा प्रश्न थोडक्यात असा की, भारत सरकारच्या छायाचित्रावर प्रसिद्धीनंतर ६० वर्षे स्वामित्व राहते, म्हणजे १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्यावर २०३१ अखेरपर्यंत. वाचनालयात किंवा मंडळाच्या सभागृहात लावायचे अथवा प्रती विकायच्या असल्यास लेखी परवानगी आधी घ्यावी.

घरात आजोबांच्या पलटणीचा, मधोमध कमांडिंग ऑफिसर बसलेला जुना फोटो असेल, तर मूळ प्रत भिंतीवर लावू नये. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात आणि त्यातून बारा बाय अठरा इंचांची प्रत इंचाला २०० पिक्सेल या हिशेबाने स्वच्छ निघते. त्याहून मोठी काढल्यास चेहरे विरघळतात. मूळ फोटो पाकिटात घालून कोरड्या कपाटात ठेवावा; मागे पेन्सिलीने लिहिलेली नावे असतील तर तीही स्कॅन करावीत.

फ्रेम सांगताना आम्लरहित माउंट, म्हणजे प्रत आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, मागून घ्यावा, कारण प्रत काचेला टेकली की पावसाळ्यात चिकटते आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. खानापूरकडच्या पावसात पश्चिमेची बाहेरची भिंत आतून ओल धरते, म्हणून आतली भिंत निवडावी, उन्हाची तिरीप टाळावी आणि फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळते. जांभ्या दगडाच्या भिंतीत नुसता खिळा डुगडुगतो. ड्रिलने भोक पाडून प्लग बसवावा. छायाचित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर यावा.

घरातल्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. आपल्याकडे फ्रेममधला माणूस दिसला की हार आणि उदबत्ती आपोआप येतात. हाराचे पाणी माउंटमध्ये झिरपते आणि उदबत्तीच्या धुराने काच पिवळी पडते. दसऱ्याच्या साफसफाईत फ्रेम उतरवून मागचा कागद कसरीने खाल्ला आहे का, ते पाहावे. खाल्ला असल्यास पुन्हा टांगण्यापूर्वी तो बदलून घ्यावा.