चकमकीचा दगड कसा ओळखावा

रंगावरून चकमक ओळखू पाहणाऱ्याची हमखास फसगत होते. ती काळी, करडी, तपकिरी किंवा मधासारखी पिवळसर असते, आणि जमिनीत दीर्घकाळ राहिली की तिच्यावर पांढुरकी झाक चढते. म्हणून आधी तुटलेला भाग पाहावा. चकमक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांची सिलिका (गारगोटीचे द्रव्य) असल्यामुळे ती ठरावीक सपाट प्रतलांवर फुटत नाही, तर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गुळगुळीत, वळणदार आणि लहरी उमटलेला शंखाभ भंग दाखवते. चमक मेणचट असते, आणि पातळ कड उजेडासमोर धरल्यास तिच्यातून अंधुक प्रकाश आरपार येतो.

यानंतर कठिनता तपासावी. खनिजांची कठिनता 1 ते 10 अंकांत दाखवणाऱ्या ‘मोज’ (Mohs) मापक्रमावर ती सुमारे 7 असल्याने चकमकीची टोकदार कड पोलादी पात्यावर ओरखडा काढते. मात्र धातूच दगडावर घासला जाऊन करडी रेघ उमटते आणि तीच ओरखडा वाटते. ओल्या बोटाने पुसून, रेघ नेमकी कशावर आहे हे भिंगातून पाहावे. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब चुनखडीवर फसफसतो, चकमकीवर नाही. पण खडूच्या (मऊ, पांढऱ्या चुनखडीच्या) थरांत सापडणाऱ्या गोट्यांची पांढरी साल चुनायुक्त असू शकते, तेव्हा थेंब ताज्या भंगावरच टाकावा.

चकमकीशी गल्लत होईल असे इतर दगडही असतात. क्वार्टझाइटमध्ये भिंगाखाली साखरेसारखे कण चमकतात. जास्पर लोहयुक्त व अपारदर्शक असतो. ऑब्सिडियन ही ज्वालामुखीजन्य काच असून तिची चमक अधिक झगझगीत आणि कठिनता 5 ते 5.5 इतकीच असते. चर्ट (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या सिलिकेचाच दगड) आणि चकमक यांतील सीमारेषा मात्र धूसर आहे. खडूच्या थरांतील गडद, एकजिनसी चर्टला चकमक म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्यावर फार वाद घालण्यात हशील नाही.

दगड ओळखला म्हणजे आदिमानवाचे हत्यार ओळखले असे नव्हे. माणसाने ठोकून पाडलेल्या छिलक्यावर (दगडाच्या पातळ तुकड्यावर) बहुधा आघाताची छोटी सपाट जागा, तिच्या लगत खाली फुगीर उंचवटा आणि तेथून पसरलेल्या लहरी एकत्र दिसतात. यांतील एखादेच लक्षण नैसर्गिकरीत्या फुटलेल्या दगडावरही आढळते. अशी चिन्हे दिसल्यास ओरखड्याची किंवा आम्लाची चाचणी टाळावी, वस्तू जागेवरच ठेवून छायाचित्र व स्थान नोंदवावे आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे.