जुना फोन घराबाहेर काढताय? या चुका टाळा

नवा फोन आला की जुना कपाटाच्या खणात जातो. ‘असू दे, लागेल कधीतरी.’ पहिली चूक इथेच होते. पडून राहिलेल्या फोनचं सॉफ्टवेअर जुनं होतं, किंमत घसरते आणि आतली बॅटरी न वापरताही खराब होत जाते. द्यायचा असेल तर चालू आहे तोवर द्या, म्हणजे तो कुणीतरी वापरेल.

आणि फक्त चार्जिंग टिकत नाही एवढीच तक्रार असेल, तर बॅटरी बदलून घ्या. फोनपायी होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा खाणीपासून कारखान्यापर्यंत, म्हणजे फोन आपल्या हातात येण्याआधीच पडून गेलेला असतो. त्यामुळे आहे तोच फोन आणखी दोन वर्षं चालवणं हे माझ्या मते कुठल्याही रिसायकलिंगपेक्षा सरस.

फुगलेल्या बॅटरीशी खेळू नका

मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन एका कडेनं सुटतेय, टेबलावर ठेवला की फोन डुगडुगतोय. ही बॅटरी फुगल्याची लक्षणं. आतलं रसायन विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. लोक ते दाबून सपाट करायला बघतात, कुणी ‘हवा काढायला’ टाचणी टोचतं. असं चुकूनही करू नका. लिथियम बॅटरीच्या धन आणि ऋण थरांमध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. तो फाटला की थर एकमेकांना भिडतात, शॉर्टसर्किट होतं आणि बॅटरी पेट घेते.

चार्जर काढा, फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. धातूच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात तो ठेवा, डबा पडदे-कागदांपासून लांब ठेवा आणि लवकरात लवकर सर्व्हिस सेंटरला न्या. सुटी बॅटरी असेल तर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावा.

ती सुक्या कचऱ्यात तर मुळीच नको. कचरा दाबणाऱ्या गाडीत बॅटरी चेपली की सगळ्या गाडीला आग लागू शकते, आणि तिथे माणसं काम करत असतात.

रिसेट केला, तरी फोन अडकला

ही तक्रार फार ऐकू येते. गूगल खातं न काढता रिकव्हरीतून (फोन बंद असताना बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) फोन रिसेट केला, की सुरू होताना तो जुनाच पासवर्ड मागतो. चोरी रोखण्यासाठीची ही सोय असली, तरी पुढच्या माणसाला तो फोन वापरता येत नाही. आयफोनमध्ये ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधायची सोय चालू राहिली तरी हेच होतं. म्हणून क्रम असा ठेवा: फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, यूपीआय ॲपमधून बाहेर पडा, खातं काढा, मग सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट करा आणि शेवटी सिम व मेमरी कार्ड काढा. कार्ड बहुतेकदा आतच राहतं.

टच बंद पडलाय पण चित्र दिसतंय? बहुतेक अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणी (यूएसबी वस्तू फोनला लावायचा छोटा जोड) लावून संगणकाचा साधा माउस जोडता येतो. बाण दिसला की वरची सगळी कामं होतात. डेटाच्या भीतीनं फोनवर हातोडा मात्र घालू नका, आत बॅटरी आहे.

भंगारात देण्याआधी

आपल्याकडे भंगारवाल्यांमुळेच कितीतरी वस्तू कचऱ्यात जाण्यापासून वाचतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण तिथून फोन पुढे कुठे जातो ते बघा. दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद अशा ठिकाणी छोट्या खोल्यांतून तांब्यासाठी वायरी जाळल्या गेल्या आहेत, सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले गेले आहेत. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. तो धूर तिथल्या कामगारांच्या आणि मुलांच्या छातीत जातो, उरलेलं ॲसिड गटारात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात 6.2 कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

‘आम्ही ई-कचरा घेतो’ एवढ्या पाटीवर विसंबू नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार रिसायकल करणाऱ्यानं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी केलेली असावी लागते. वस्तू घेणारा कुणीही असो, ‘तुमचा माल कुठल्या नोंदणीकृत रिसायकलरकडे जातो?’ हे विचारा आणि ते नाव पोर्टलवर ताडून पाहा. पुण्यात ‘पूर्णम इकोव्हिजन’सारख्या संस्था संकलन मोहिमा घेतात, फोन कंपन्यांची संकलन केंद्रंही असतात. तिथे फोन अखंड द्या. बॅटरी, चार्जर, तुटकी केबल, बंद पडलेले इयरफोनही सोबत द्या, कारण वायरीतलं तांबंही कामाचं असतं.