रेडिएशननंतर मेंदूच्या स्कॅनमध्ये नवी चमक दिसली तर

मी एमआरआय वाचते, दिवसभर तेच काम. मेंदूला रेडिएशन घेतलेल्या पेशंटच्या स्कॅनमध्ये नवी चमक दिसली की घरच्यांचा प्रश्न ठरलेला: गाठ परत आली का? एका स्कॅनवरून हे बहुतेकदा सांगताच येत नाही. कॉन्ट्रास्टचं औषध रक्तवाहिन्यांतून जिथे पाझरतं तिथे चमक दिसते. गाठीतल्या वाहिन्या गळक्या असतात आणि किरणांनी दुखावलेल्याही. या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे किरणांमुळे मेंदूचा भाग मरण्याला, रेडिएशन नेक्रोसिस म्हणतात. तो साधारण ६ महिन्यांनंतर, कधी काही वर्षांनीही उगवतो.

म्हणून येताना सगळे जुने स्कॅन आणा. नुसते रिपोर्ट नकोत, सीडी हव्यात. फक्त मागच्याच स्कॅनशी ताडून पाहिलं तर सावकाश वाढणारी गोष्ट ‘बदल नाही’ म्हणून निसटते. रेडिएशन विभागाकडून डोसचा नकाशाही मागून घ्या. चमक किरणांच्या पट्ट्याच्या पार बाहेर असेल तर नेक्रोसिसची शक्यता फारच कमी.

आणि जे सहसा कोणी आणत नाही ते: स्कॅनच्या दिवशी डेक्सामेथासोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) किती चालू होतं? सीडीच्या पाकिटावरच लिहा, उदाहरणार्थ ‘४ मिग्रॅ, दिवसातून दोनदा’. स्टेरॉइडने सूज आणि चमक दोन्ही उतरतात. डोस कमी केला की चमक पुन्हा वाढू शकते आणि उगाच सगळ्यांचं धाबं दणाणतं. गोळी मनाने बंद मात्र करू नका, ते धोक्याचं आहे.

डॉक्टरांना विचारा, पर्फ्युजन (रक्ताचा पुरवठा मोजणारं स्कॅन) झालंय का? वाढत्या गाठीत रक्ताचा पुरवठा बहुधा जास्त दिसतो, नेक्रोसिसमध्ये कमी. पण एकाच जागी दोन्हींची सरमिसळही असते, मग अमिनो आम्लाचं पेट स्कॅन (गाठीच्या पेशी हे आम्ल जास्त ओढतात) किंवा बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं. त्रास नसेल तर ‘६-८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करू’ हा सल्ला म्हणजे टोलवाटोलवी नव्हे. काळ हीसुद्धा एक तपासणीच. नेक्रोसिसचा त्रास असेल तर स्टेरॉइड, बेव्हॅसिझुमॅब (वाहिन्यांची गळती कमी करणारं औषध), क्वचित शस्त्रक्रिया.

फिट, एका बाजूची कमजोरी किंवा वाढती गुंगी दिसली तर तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

रिपोर्टात ‘मायक्रोब्लीड्स’ (मेंदूतल्या बारीक रक्तस्रावांच्या खुणा) दिसले तर घाबरू नका, पण रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास किंवा करायची असल्यास डॉक्टरांना सांगा. विसरभोळेपणा, सततचा थकवा असेल तर सगळं स्कॅनवर ढकलू नका; थायरॉइड आणि पिट्युटरी (मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी) यांचे हार्मोन तपासून घ्या. ते कमी निघाले तर औषधांनी भरून काढता येतात.