कोल्हापुरातून परदेशी औद्योगिक रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला: अर्ज कुठं अडतो आणि तो कसा सोडवायचा

बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या मुलामुलींना परदेशी शिक्षण म्हटलं की आधी आठवतं आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, मग टक्केवारी, मग खर्च. हे तिन्ही महत्त्वाचेच. पण जर्मनी आणि इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत कोल्हापूरकडचे अर्ज सगळ्यात जास्त अडतात ते तुम्ही रसायनशास्त्र नेमकं किती तास शिकलात, या प्रश्नावर. म्हणून तयारीची सुरुवात तिथूनच करा.

तिथला विद्यार्थी पहिल्या दिवसापासून तीन वर्षं मुख्यतः केमिस्ट्रीच शिकतो. आपल्याकडे सुरुवातीची वर्षं भौतिकशास्त्र, गणित, वनस्पतिशास्त्र अशा विषयांत वाटली जातात आणि केमिस्ट्री पूर्ण वेळ मिळते ती शेवटच्या वर्षी. तिकडचं मोजमाप ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या सामाईक पद्धतीच्या क्रेडिटचं. तीन वर्षांच्या पदवीचे १८०, आणि १ ईसीटीएस म्हणजे साधारण २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. समजा तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट १३२ आहेत. १८० भागिले १३२, म्हणजे तुमचा एक क्रेडिट १.३६ ईसीटीएसचा. केमिस्ट्रीचे थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून ६० क्रेडिट असतील तर ते झाले जवळपास ८२ ईसीटीएस. आता विद्यापीठाच्या प्रवेशनियमांत इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल, अ‍ॅनॅलिटिकल यांचे किमान किती ईसीटीएस मागितलेत ते शेजारी लिहा. फरक थोडा असेल तर अर्ज करा. निम्म्यानं कमी पडत असाल तर त्या विद्यापीठात वेळ आणि पैसे घालवू नका. आधी शिवाजी विद्यापीठातून किंवा इथल्याच एखाद्या कॉलेजातून एम.एस्सी. करणं हा कमीपणाचा मार्ग नाही. बऱ्याच जणांसाठी तोच सरळ रस्ता आहे.

हा हिशेब तिकडच्या विद्यापीठापुढे मांडायचा तो विषयवार माहितीपत्रकात. प्रत्येक पेपरसाठी नाव, कोड, सेमिस्टर, क्रेडिट, लेक्चरचे तास, प्रॅक्टिकलचे तास, आशय सहा-आठ ओळींत आणि परीक्षेची पद्धत. थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळे दाखवा. प्रॅक्टिकलपुढे नुसतं ‘वॉल्युमेट्रिक अ‍ॅनॅलिसिस’ लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘ईडीटीए टायट्रेशननं पाण्याचा कठीणपणा, पोटेन्शिओमेट्रीनं आम्ल-अल्कली टायट्रेशन, एस्टरच्या हायड्रॉलिसिसचा वेग’ असं लिहिलं की कळतं. विद्यापीठाचा अभ्यासक्रम दर काही वर्षांनी बदलतो, त्यामुळे आपल्या बॅचलाच लागू असलेली आवृत्ती घ्या. नव्या अभ्यासक्रमावर जुनी गुणपत्रिका जोडली की कोड जुळत नाहीत आणि अर्ज संशयात येतो. शेवटी विभागप्रमुखांची सही आणि कॉलेजचा शिक्का.

कोर्स शोधताना ‘इंडस्ट्रियल केमिस्ट्री’ एवढंच टाकून थांबू नका. जर्मनीत या विषयाला ‘टेक्निशे केमी’ म्हणतात आणि तो बहुतेकदा केमिस्ट्रीच्या एम.एस्सी.तला एक मोठा विभाग असतो. इटलीत ‘किमिका इंदुस्त्रिआले’ म्हणून तो स्वतंत्र आहे, तिथल्या पदवी-वर्गीकरणात त्याचा क्रमांक एलएम-७१. मिलान, बोलोन्या, पादोवा, तोरिनो ही त्यातली जुनी नावं. काही कोर्स इंग्रजीत, काही इटालियनमध्ये, म्हणून भाषेचा रकाना आधी वाचा. कॅटॅलिसिस, पॉलिमर, सस्टेनेबल केमिस्ट्री या नावांखालीही हाच अभ्यास सापडतो. केमिकल इंजिनिअरिंगच्या मास्टर्सना मात्र बी.एस्सी.वाल्यांनी सहसा हात घालू नये. तिथं बी.ई.चे विषय मागतात आणि अर्ज छाननीतच बाजूला पडतो.

आपल्या गुणांचं जर्मन ग्रेडमध्ये रूपांतर घरबसल्या करता येतं. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल वजा उत्तीर्ण गुणांनी भागा, ३ नं गुणा आणि १ मिळवा. सीजीपीए ८.२, कमाल १०, उत्तीर्ण ४ असेल तर १.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे १.९. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. ६८ टक्के आणि उत्तीर्ण ४० असेल तर २.६. पुष्कळ ठिकाणी २.५ची अट असते, तेव्हा उत्तीर्णतेचा आकडा अंदाजानं धरू नका. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या नियमांत तो असतो. ४० ऐवजी ३५ धरला तर तेच ६८ टक्के २.४८ होतात आणि फुकटची आशा लागते.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. क्रमाचं स्पष्टीकरण देता येतं, स्पेलिंगचं अवघड जातं. दहावीच्या प्रमाणपत्रावर शेवटी ‘आय’ आणि पासपोर्टवर ‘डबल ई’ असेल तर पुढं प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न येणार. पासपोर्ट काढायचा असेल तर दहावीच्या प्रमाणपत्राबरहुकूम काढा. आधीच चुकला असेल तर दुरुस्ती पहिल्यांदा, बाकी सगळं नंतर.

जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२पासून एपीएस प्रमाणपत्र (आपले शैक्षणिक कागद तपासून दिलेला दाखला) सक्तीचं आहे, फी १८ हजार रुपये. ते नसेल तर व्हिसा नाही आणि बरीच विद्यापीठं अर्जालाच ते मागतात. ज्या विद्यापीठांचे अर्ज ‘युनि-असिस्ट’ या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत जातात तिथं पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रात पुढच्या प्रत्येकाला ३० युरो. इथं वेळेचं गणित बसवावं लागतं. आपला शेवटच्या सेमिस्टरचा निकाल उन्हाळा संपताना लागतो, ऑक्टोबरच्या प्रवेशाची मुदत मात्र अनेक ठिकाणी मार्च ते मेमध्येच संपते. त्याच वर्षी जायची धडपड करण्यापेक्षा एक वर्ष हातात धरा आणि ते प्रयोगशाळेत घालवा. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या एमआयडीसीत, साखर कारखान्यांच्या आणि डिस्टिलरींच्या लॅबमध्ये, इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये केमिस्टचं काम असतं.

हे काम मोटिव्हेशन लेटरमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या पत्रात, सोन्यासारखं उपयोगी पडतं, नीट लिहिलं तर. ‘मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड आहे’ हे वाक्य वाचणाऱ्यानं हजारदा वाचलेलं असतं. त्याऐवजी असं लिहा: मळीतली एकूण रिड्यूसिंग साखर लेन-आयनॉन टायट्रेशननं मोजली. फेलिंगचं द्रावण उकळतं ठेवूनच टायट्रेशन पुरं करावं लागतं, कारण उकळी मोडली की शेवटी रंग जाणारा मिथिलीन ब्लू हा सूचक हवेतल्या ऑक्सिजननं पुन्हा निळा होतो, शेवटचा बिंदू हुकतो आणि साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. एवढ्या चार ओळींतून कळतं की या माणसानं ब्युरेट हातात धरलाय.

त्याला आकड्यांचीही जोड द्या. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम इथेनॉल, म्हणजे ५१.१ टक्के. एक टन मळीत आंबवता येणारी साखर ४५ टक्के धरली तर ४५० किलोपासून सैद्धांतिक २३० किलो, घनता ०.७८९ धरून सुमारे २९१ लिटर. एकूण कार्यक्षमता ८८ टक्के असेल तर हाती २५६ लिटर. उरलेलं कुठं गेलं? यीस्टच्या वाढीत, ग्लिसरॉलमध्ये, थोडं ऊर्ध्वपातनात. मुलाखतीत असा प्रश्न आला तर घोकलेलं उत्तर चालत नाही. बी.एस्सी.त आपण कारखान्यात काय होतं ते शिकतो. तिकडे पहिल्याच सत्रात किती, किती वेगानं आणि किती उष्णता घेऊन ते विचारतात. वस्तुमान समतोल, रिअ‍ॅक्टरची गणितं, उष्णतावहन आणि साधी अवकल समीकरणं निघण्यापूर्वी हातची व्हायला हवीत. नापास होणारे बहुतांशी इथंच अडकतात.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं नको, ज्यांनी तुम्हाला प्रयोगशाळेत पाहिलंय त्यांचं घ्या. ते कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरून जायला हवं, खासगी पत्ता अनेक पोर्टल स्वीकारत नाहीत. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस ६.५ बहुतेक ठिकाणी पुरतं आणि निकाल दोन वर्षं चालतो.

पैशाचं बोलायचं तर जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, सत्रशुल्क तेवढं असतं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्राला ४ ते ६ हजार युरो. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, महिन्याला ९९२. कर्ज काढणार असाल तर बँकेला पहिल्याच भेटीत विचारा की व्हिसा मिळण्याआधी ही रक्कम तिथं पाठवाल का. व्हिसा आल्यावरच पैसे सोडू म्हणणाऱ्या शाखेत गाडी जागेवरच अडते. उसाची जमीन तारण ठेवू असं घरी ठरलेलं असतं, पण बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन घेत नाहीत. घर, एनए प्लॉट किंवा ठेव लागते.

इटलीत फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रादेशिक शिष्यवृत्तीत फीमाफी, जेवण, राहणं यांचा आधार मिळू शकतो. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न, बँकेतली शिल्लक आणि घराचं क्षेत्रफळ यांचे दाखले भाषांतर आणि अपोस्टिलसह (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणीकरण) लागतात. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये हवं, म्हणून चौरस फुटांना १०.७६४ नं भागा. एकत्र कुटुंबाचा वाडा असेल तर अख्खा वाडा स्वतःच्या नावावर दाखवू नका. मिळकत पत्रिकेवर जेवढा हिस्सा असेल तेवढाच लिहा. नाहीतर कागदोपत्री श्रीमंत ठरून शिष्यवृत्ती जाते. महसूल खात्याच्या दाखल्यांना आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, हा क्रम उलटा चालत नाही.

राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांत अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती पाहा. दोन्हींत विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आहे, म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी त्या वर्षीची जाहिरात वाचा. इरॅस्मस मुंडस या युरोपीय संघाच्या योजनेतल्या, अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेल्या संयुक्त मास्टर्समध्ये शिष्यवृत्ती म्हणून महिन्याला १४०० युरो मिळतात, स्पर्धा तेवढीच कडक.

व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी पोहोचता येतं, पण भेटीची वेळ सकाळी लवकरची असेल तर आदल्या दिवशीच जा. मूळ कागद पिशवीत, प्रती दोन संच. विषयवार माहितीपत्रकाची एक प्रत हातात ठेवा, तिथंही कोर्स कशाचा हे विचारतात. इटलीत उतरल्यावर आठ दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करायचा असतो, त्याचे कागद चेक-इन बॅगेत टाकू नका. आणि लॅबसाठी पूर्ण बाह्यांचा शंभर टक्के सुती कोट इथूनच शिवून न्या. पॉलिस्टर मिसळलेलं कापड आगीत वितळून कातडीला चिकटतं.